छायाचित्राची जागा आणि कॅमेऱ्याचे घड्याळ

माझ्या संगणकावर ‘कुठले?’ या नावाचा एक फोल्डर आहे. त्यातले सर्वांत जुने छायाचित्र २०११ सालच्या पावसाळ्यानंतरचे असून, भाताच्या खाचराच्या बांधाला टेकवून ठेवलेली एक गद्धेगाळ, म्हणजे शाप कोरलेला दगड, त्यात दिसते. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजून गेलेल्या चार-पाच ओळी आणि खाली ते शापाचे शिल्प. दान दिलेली जमीन पुढे कोणी बळकावू नये म्हणून शिलाहार राजांच्या काळात असे दगड उभे केले जात. म्हणजे दगडाचा निम्मा अर्थ तो ज्या जमिनीत उभा आहे तिच्यात असतो, आणि माझ्याकडे नेमकी तीच माहिती नाही. अलिबाग आणि रोहा यांच्यामधला कुठलातरी फाटा, एवढेच आठवते. त्या दिवशी आम्ही सात गावे पालथी घातली होती आणि ‘घरी गेल्यावर लिहून ठेवू’ असे म्हणून वहीत एक अक्षरही लिहिले नव्हते.

तेव्हापासून मी प्रत्येक छायाचित्राला अक्षांश-रेखांश जोडल्याशिवाय ते संग्रहात घेत नाही. माझा कॅमेरा जुना आहे आणि त्यात जीपीएस नाही. पण त्यासाठी नवा कॅमेरा घेण्याची गरज मला अजून वाटलेली नाही. फोनवर आपला माग नोंदवणारे एखादे ॲप सकाळीच सुरू करायचे, दिवसभर फोन पाठपिशवीच्या वरच्या खणात ठेवायचा आणि रात्री त्या मागाची जीपीएक्स फाइल छायाचित्रांशेजारी ठेवून संगणकाला सांगायचे, की ज्या क्षणी छायाचित्र टिपले त्या क्षणी मी कुठे होते ते शोध आणि तो बिंदू फाइलमध्ये लिही. फिल हार्वे यांनी घडवलेले एक्झिफटूल हे मोफत साधन हे काम शेकडो छायाचित्रांसाठी एका आज्ञेत करते. ज्यांना आज्ञा टंकायच्या नसतील त्यांच्यासाठी डिजिकॅम आहे. तोही मोफत मिळतो आणि त्यात नकाशा डोळ्यांसमोर असतो.

हे वाचताना काम जागेचे वाटते, पण ते खरे पाहता घड्याळाचे आहे. मागाच्या फाइलमध्ये दर काही सेकंदांनी एक बिंदू आणि त्याची वेळ असते; छायाचित्रात फक्त वेळ असते. या दोहोंना जोडणारा धागा वेळेचाच आहे, आणि कॅमेऱ्याच्या घड्याळाइतके दुर्लक्षित घड्याळ घरात दुसरे नसते.

पहिली अडचण प्रमाणवेळेची. जीपीएक्स फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कॅमेरा मात्र आपण लावलेली स्थानिक वेळ लिहितो आणि ती कुठल्या देशाची हे बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये कुठेही नमूद नसते. छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळ, जागा वगैरे माहिती कशी लिहायची हे ठरवणाऱ्या एक्झिफ या मानकात त्यासाठी स्वतंत्र रकाना आला तोच मुळी २०१६ साली. एक्झिफटूल अशा वेळी आपल्या संगणकाची प्रमाणवेळ गृहीत धरते, त्यामुळे भारतात काढलेली छायाचित्रे भारतातल्या संगणकावर घेतली तर काही करावे लागत नाही. एका डिसेंबरात न्यू जर्सीहून आलेला माझा मावसभाऊ राजगडावर बरोबर होता. त्याच्या कॅमेऱ्यात तिकडचीच वेळ होती, म्हणजे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तो उन्हाळ्यात आला असता तर हाच फरक साडेनऊ तासांचा झाला असता. त्याची सगळी छायाचित्रे आदल्या रात्रीची ठरली आणि त्या वेळचा माग नसल्यामुळे एकालाही जागा मिळाली नाही. ही चूक परवडते, कारण ती लगेच दिसते.

न दिसणारी चूक दोन-चार मिनिटांची असते. चालण्याचा वेग ताशी ४ किलोमीटर धरला तर एका मिनिटाच्या फरकाने छायाचित्र सुमारे ६७ मीटर सरकते. गडाच्या माथ्यावर टाक्यांची रांग असेल तर या टाक्याचे छायाचित्र त्या टाक्यावर जाऊन बसते आणि नकाशावर सगळे ठीकठाक दिसते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून टिपले असेल तर तेच मिनिट एका किलोमीटरचे होते, म्हणजे शेजारचे गाव. कॅमेऱ्यातले स्फटिकाचे घड्याळ थोडे पुढे-मागे पळणारच. माझे महिन्याला साधारण ३५ सेकंद पुढे जाते. दिवाळीत लावलेली वेळ होळीपर्यंत दोन मिनिटांहून अधिक चुकलेली असते.

उपाय इतका सोपा आहे की तो सांगतानाही संकोच वाटतो. निघताना फोनवर सेकंदांसह वेळ दाखवणारा पडदा उघडायचा आणि कॅमेऱ्याने त्याचेच एक छायाचित्र घ्यायचे. घरी आल्यावर पडद्यावर दिसणारी वेळ आणि फाइलमध्ये लिहिली गेलेली वेळ यांतला फरक काढून तो एक्झिफटूलला सांगितला, की उरलेली सगळी छायाचित्रे तेवढीच मागे-पुढे धरली जातात. कॅमेऱ्याचे घड्याळ दुरुस्त करण्याचीही गरज नाही. ते चुकलेले असले तरी चालते, किती चुकले ते मात्र माहीत हवे. आठ-दहा दिवसांच्या प्रवासात मी असे छायाचित्र पहिल्या आणि शेवटच्या दिवशी घेते. दोन्ही फरक दिले तर हे साधन मधल्या दिवसांत घड्याळ हळूहळू कसे पळाले असेल याचाही हिशेब लावते.

आता मागाविषयी. डोंगरात फोन विमान-मोडवर ठेवला तरी उपग्रहांचे संकेत मिळतात, कारण जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो, बोलत नाही. मात्र इंटरनेट नसताना पहिला बिंदू मिळायला वेळ लागतो, कारण एरवी जाळ्यावरून आयती मिळणारी उपग्रहांच्या कक्षांची माहिती मग प्रत्यक्ष उपग्रहाकडून उतरवून घ्यावी लागते. म्हणून गाडीतून उतरल्यावर मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटे थांबावे आणि मगच चालायला लागावे. मोकळ्यावर चांगल्या फोनची चूक साधारण ५ मीटरांच्या घरात असते. कड्याच्या पोटाशी संकेत खडकावर आपटून येतात आणि माग पिसाळल्यासारखा इकडेतिकडे उड्या मारतो. लेण्याच्या आत तर तो मिळतच नाही. तिथली छायाचित्रे मी दाराशी उभे राहिल्याच्या बिंदूवर हाताने ठेवते.

एकदा हरिश्चंद्रगडावरून परतल्यावर तारामती आणि कोकणकड्याच्या वाटेवरची वीसेक छायाचित्रे एका सरळ रेषेत, ओळीने मांडल्यासारखी दिसली. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनने ते ॲपच झोपवले होते आणि तासाभराने पडदा उघडल्यावर ते जागे झाले होते. दोन बिंदूंच्या मधली जागा काढताना साधन असे धरून चालते, की माणूस सरळ रेषेत आणि एकाच वेगाने गेला. सह्याद्रीत असे कोणी जात नाही. एक्झिफटूलमध्ये अशी पोकळी साधारणपणे ३० मिनिटांपर्यंत भरली जाते, पण मी वापरत असलेल्या दुसऱ्या एका साधनाला तेवढीही मर्यादा नव्हती. मी आता ही मर्यादा २ मिनिटांवर आणली आहे. चुकीच्या जागेपेक्षा जागा नसलेली बरी. निदान ती शोधायची आहे हे कळते. फोनच्या बॅटरीच्या बंधनातून ते ॲप वगळले आहे, हेही निघण्याआधी पाहून घेते.

उंचीच्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. अनेक फोन समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची देतात, आणि आपल्याकडे समुद्राची सरासरी पातळी त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा फरक १०० मीटरांहून अधिक होतो, तर पश्चिम महाराष्ट्रात तो सुमारे ६० मीटरांच्या आसपास असतो. म्हणून १६४६ मीटरांच्या कळसूबाईच्या माथ्यावर काढलेल्या छायाचित्रात १५८० च्या आगेमागे आकडा दिसला, तर आपण चुकीच्या डोंगरावर चढलो नव्हतो हे ध्यानात ठेवावे.

आणखी एका गोष्टीवर आमच्या गटात नेहमी वाद होतो. फाइलमध्ये लिहिली जाते ती जागा कॅमेऱ्याची, वस्तूची नव्हे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून टिपलेला तोरणा नकाशावर राजगडावरच दिसतो. एक्झिफमध्ये समोरच्या लक्ष्याचे अक्षांश-रेखांश लिहायला वेगळे रकाने आहेत, पण ते कोणी भरताना मी पाहिलेले नाही. मी मथळ्यातच लिहून टाकते. वीरगळींच्या बाबतीत तर पुढचाही प्रश्न असतो. शेतात सापडलेली वीरगळ गावकरी पुष्कळदा देवळाच्या पारावर आणून ठेवतात आणि तिला शेंदूर लागतो. त्यामुळे छायाचित्रातला बिंदू हा ‘या तारखेला ती इथे होती’ याहून अधिक काही सांगत नाही. मूळ जागा गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीतच उतरवावी लागते. वहीत अक्षांश लिहिताना अंश-कला आणि दशांश यांची गल्लत करू नये; पुण्याचे १८ अंश ३१ कला कोणी १८.३१ असे लिहिले, तर पुणे सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला जाते.

जागा जोडणे जितके आवश्यक, तितकेच ती काढून टाकणेही. आडरानातल्या मंदिरांची आणि स्मारकशिळांची जागा उघड झाली, की गुप्तधनाच्या आशेने पहार घेऊन येणारे लोक आजही आहेत. कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जातींचे कंद उपटून नेणारेही आहेत. म्हणून संग्रहातल्या मूळ फाइलमध्ये अचूक बिंदू राहतो आणि इंटरनेटवर चढवायच्या प्रतीतून जीपीएसचा सगळा भाग एक्झिफटूलनेच पुसून टाकते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवले तर ही माहिती आपोआप गळून पडते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर ती जशीच्या तशी जाते. दर्जा उतरू नये म्हणून आपण सगळे तसेच पाठवतो, आणि घराच्या गच्चीवरून काढलेल्या चंद्राबरोबर घराचा पत्ताही पाठवतो.

जुन्या छायाचित्रांसाठी माग नाही, त्यामुळे तिथे उलट्या दिशेने जावे लागते. ‘कुठले?’ मधल्या एका सतीशिळेच्या ११ मिनिटे आधीच्या छायाचित्रात जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत होती आणि भिंतीवर गावाचे नाव होते. एकदा देवळाची दीपमाळ उपग्रह-नकाशावरच्या सावलीवरून ओळखता आली. अशा रीतीने गेल्या दोन वर्षांत त्या फोल्डरमधली शंभरावर छायाचित्रे नकाशावर गेली. आज तिथे ४३ उरली आहेत आणि गद्धेगाळ त्यांतच आहे. तिच्या आधीच्या छायाचित्रात फक्त एक बैल आहे आणि नंतरच्या छायाचित्रात आमच्या गाडीचे पंक्चर झालेले चाक.