लो प्रेशर, पण गॅस पुरेसा होता

सकाळी साडेसहाला फोन. "दादा, चिलर परत बसला. लो प्रेशर दाखवतोय. येताना गॅसचा सिलिंडर घेऊनच या." आठवडाभरात आधीचा मेकॅनिक दोनदा गॅस भरून गेला होता म्हणे.

भोसरीतला कारखाना, पाणी थंड करणारं मोठं मशीन म्हणजे स्क्रू चिलर, आत आर-१३४ए गॅस. अलार्म रिसेट करून मशीन चालू केलं आणि गेजसमोर उभा राहिलो. सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब, उतरत उतरत १.९ बारवर; या दाबाला आत जवळपास शून्य अंश. याहून खाली गेलं की ट्यूबमधलं पाणी गोठायचं आणि ट्यूब फुटायची. त्यासाठीच हा अलार्म असतो. तो बायपास करून मशीन दामटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गॅस कमी असता तर सुपरहीट, म्हणजे उकळून झाल्यावर गॅस आणखी किती अंश तापतो ते, वाढली असती. ती ५ अंशांवर, अगदी ठीक. साइट ग्लास, म्हणजे गॅस बघायची काच, तीही स्वच्छ, बुडबुडे नाहीत. मग पाण्याकडे वळलो. आत येणारं १६ अंश, बाहेर जाणारं ७. या मशीनला फरक ५ चा हवा, इथे ९! पाणीच कमी फिरत होतं, म्हणून गॅसला पुरेशी उष्णता मिळत नव्हती आणि दाब पडत होता.

पंपाआधीचा स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी गाळणी, उघडला. जाळी दिसतच नव्हती. तांबूस गाळ, वेल्डिंगचे कण, टेफ्लॉन टेपचा चेंडू. महिन्यापूर्वी नवी लाइन जोडली होती, फ्लशिंग, म्हणजे लाइन आतून धुऊन काढणं, राहून गेलेलं. ऑपरेटर पोरगा ती जाळी हातात धरून बराच वेळ बघत होता.

जाळी धुतली, लाइनमधली हवा काढली, पंप लावला. अर्ध्या तासात सक्शन २.३ वर स्थिर.

सिलिंडर जसा नेला तसा परत आणला.