चहा पिऊ नकोस, काळी होशील

भरतीचं वेळापत्रक न बघता शिवडीच्या जेटीवर गेलं की जे व्हायचं तेच झालं. समोर पार क्षितिजापर्यंत चिखल आणि त्याच्या टोकाला एक गुलाबी रेघ. फ्लेमिंगो तिकडे, आम्ही इकडे. पाणी चढेपर्यंत करायचं काय, म्हणून थर्मास उघडला.

आमच्याकडे पोरांना चहा नव्हता. ‘चहा पिऊ नकोस, काळी होशील,’ असं आजी बशीतला चहा फुर्र करून ओढत सांगायची. ती स्वतः चांगली सावळी, त्यामुळे पुरावा समोरच मांडी घालून बसलेला. काळं व्हायला चहा, तसे गाल लाल व्हायला बीट. दुपारच्या जेवणात बीटाची कोशिंबीर ठरलेली. दही बघता बघता गुलाबी व्हायचं, बोटं व्हायची, शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर कायमचा नकाशा उमटायचा. गाल होते तसेच.

आजीचं शास्त्र खोटं नव्हतं. तिने पक्षी चुकीचा निवडला, एवढंच.

तासाभराने पाणी चढलं, तसे फ्लेमिंगो पुढे सरकले आणि दुर्बिणीत नीट दिसले. जेवायची काय ही तऱ्हा! मान खाली सोडून डोकं चक्क उलटं, वरची चोच खाली आणि खालची वर. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत घेते, बाहेर टाकते. चोचीच्या कडांना बारीक दाती असतात, त्यांत अडकेल ते पोटात. आपली चहाची गाळणीच, फक्त इथे चोथा ठेवायचा आणि पाणी टाकायचं. रोहित म्हणजे मराठीत फ्लेमिंगोच; त्यातला मोठा रोहित पायांनी चिखल तुडवून त्यातले किडे, अळ्या, कोळंबीचे बारीक भाईबंद गाळतो. इथे गर्दी असते ती छोट्या रोहितांची, त्यांचा भर सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळावर. गाजराला केशरी करणारी जी रंगद्रव्यं, त्यांचीच भावंडं या खाण्यात असतात आणि यकृतातून बदलून पिसांत उतरतात. पिल्लू राखाडीच जन्मतं, गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं खावं लागतं. प्राणिसंग्रहालयात तसं खाणं दिलं नाही, तर मोठेही फिके पडतात. (त्यांचं पुस्तकातलं ‘अग्निपंख’ हे नाव झकास आहे, पण जेटीवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.)

आता हे शेवाळ इथे इतकं माजतं का, तर शहराचं सांडपाणी खाडीत येतं आणि त्याच्या खतावर ते पोसतं. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य केलं, 2022 साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत घातलं, पण स्वयंपाकघर आपण चालवतो ते मोरीतून.

मोरीवरून आठवलं. माझ्या वाटची कोशिंबीर मी आजीची पाठ वळली की मोरीत ओतायचे. घर विक्रोळीला. मोरीचं पाणी नाल्यात, नाला खाडीत. नव्वदीच्या त्याच वर्षांत हे पक्षी इथे थव्याने यायला लागले. बीटाचा रंग त्या जातीचा नाही, तो पिसांत उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. आजीला नव्हतं. तिला मी एवढंच सांगितलं असतं की वाया काही गेलं नाही.

थर्मासमध्ये अजून अर्धा कप होता. प्यायले. आता काय व्हायचंय.