नियम अस्पष्ट, की नुसताच गैरसोयीचा?

नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८३ पासून चालत आलेला ‘वॉरहॅमर’ हा काल्पनिक युद्धखेळ २०१५ साली बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आणला, तेव्हा आधीच्या जाडजूड नियमपुस्तकाऐवजी मूळ नियम अवघ्या चार पानांत मावले होते. त्या पानांत असे लिहिले होते की अंतर मोजायचे ते मॉडेलपासून, म्हणजे टेबलावर मांडलेल्या योद्ध्याच्या छोट्या प्रतिकृतीपासून. मॉडेलच्या पायाखालचा बेस हा मॉडेलचा भाग नाही, ते उभे राहावे एवढ्यासाठीच तो आहे. वाक्य वाचायला साधे आहे. पण एखादा योद्धा खडकावर पाय रोवून उभा असेल, तर तो खडक मॉडेलमध्ये धरायचा की बेसमध्ये? ज्या पिशाच्चाचा झगा विरत विरत थेट बेसला जाऊन मिळतो, ते पिशाच्च नेमके कुठे संपते? या प्रश्नांची उत्तरे त्या चार पानांत नव्हती.

इंग्लंडमधल्या ज्या छोट्या क्लबात मी खेळतो, तिथे एका स्पर्धेआधी अशा शंकांची उत्तरे लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले. मैत्रीच्या डावात अशा पत्रकाची गरज पडत नाही, कारण खेळ स्वतःच मार्ग सांगतो: दोघांनी बोलून जे पटेल ते करावे, आणि नाहीच पटले तर दोघांनी फासा टाकावा व ज्याचा आकडा मोठा येईल त्याने ठरवावे. हा नियम मला आजही मनापासून आवडतो. मात्र एकाच दालनात अनेक डाव चालू असताना एकाच प्रश्नाला शेजारशेजारच्या टेबलांवर दोन वेगळी उत्तरे मिळाली, तर संध्याकाळी जाहीर होणारा निकाल कुणालाच न्याय्य वाटत नाही.

शंका येऊ लागल्या, आणि त्या वाचताना मला दिसले की त्यांतल्या बऱ्याचशा शंका नसून तक्रारी आहेत. उदाहरणार्थ, सेनानायकापासून ठरावीक अंतराच्या आत असलेल्या तुकडीला त्याच्या सामर्थ्याचा लाभ मिळत असे, आणि तुकडीतले एक मॉडेल जरी त्या अंतरात असले तरी तुकडी आत धरली जात असे. त्यामुळे चाळीस सांगाड्यांची तुकडी एकामागे एक लांबलचक रांगेत उभी करून, शेवटचा एकच सांगाडा नायकाजवळ ठेवून, पुढचे सगळे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लढवता येत. हे अनेकांना डोळ्यांत खुपत होते, मलाही खुपत होते. पण नियमाच्या शब्दांत कोणताही संदेह नव्हता, आणि जिथे संदेह नाही तिथे अर्थ लावण्याचा अधिकार मला नव्हता.

सर्वांत जास्त वेळ गेला तो फासा पुन्हा टाकण्याच्या नियमावर. समजा, एका तुकडीला वार लागण्यासाठी ३ किंवा अधिक हवेत, तिला फसलेले फासे पुन्हा टाकण्याची मुभा आहे, आणि शत्रूच्या जादूमुळे तिच्या प्रत्येक फाशातून १ वजा होतो. फाशावर ३ पडले. एक वजा केल्यावर २ उरतात, म्हणजे वार चुकला. मग तो फासा पुन्हा टाकता यायला हवा, असे कोणालाही वाटेल. परंतु नियम सांगतो की फासे पुन्हा टाकण्याची क्रिया बेरीज-वजाबाकीच्या आधी होते. त्या क्षणी ३ हा आकडा यशस्वीच असतो, म्हणून त्याला हात लावता येत नाही. त्यानंतर तो २ होतो आणि वार वाया जातो. उलट ज्या फाशावर मुळातच २ पडले, तो मात्र पुन्हा टाकता येतो. नियमकर्त्यांना हे खरोखर अभिप्रेत नसावे, असा आग्रह काही जणांनी धरला. मी तो मान्य केला नाही, कारण क्रम त्यांनी इतक्या थेट शब्दांत सांगितला असताना त्यांच्या मनात दुसरे काही होते, असे म्हणायला माझ्याकडे आधारच नव्हता.

खऱ्या संदेहाच्या जागी मला कॉलेजात शिकलेले पाणिनीय व्याकरण कामी आले. तिथे सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात, त्याचा बाध करणाऱ्या विशेष नियमाला अपवाद म्हणतात, आणि तुल्यबळ नियमांत विरोध आला तर ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ या सूत्राने पुढचा नियम प्रबळ ठरतो. आमच्या खेळातही तुकडीच्या स्वतःच्या छापील नियमपत्रकावरचा नियम मूळ नियमांना बाधतो, असे छापलेलेच आहे. फरक इतकाच, की पाणिनीचे ‘पर’ हे सूत्रांच्या क्रमाने ठरते, तर आमच्याकडे प्रकाशनाच्या तारखेने. म्हणून मी पायऱ्या ठरवल्या: आधी कंपनीचे शुद्धिपत्र आणि शंकानिरसन, मग विशेष नियम, मग सामान्य नियम, आणि त्यानंतरही प्रश्न उरला तरच खेळाचा हेतू.

बेसचा प्रश्न या पायऱ्यांनी सुटला नाही. शेवटी क्लबने अंतर बेसपासून बेसपर्यंत मोजायचे ठरवले, आणि हा नियमाचा अर्थ नसून क्लबने केलेला बदल आहे, असे मी पत्रकात ठळकपणे लिहिले. ही दोन कामे वेगळी ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. अर्थ लावल्याचे भासवून नियम बदलला, की त्यानंतरच्या कोणत्याच उत्तरावर खेळाडूंचा विश्वास राहत नाही. २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीनेच मोजमाप बेसवर आणले, आणि केवळ ‘आत’ असणे व ‘संपूर्णपणे आत’ असणे यांत स्पष्ट भेद केला. त्यानंतर बेसचे कलम मी पत्रकातून काढून टाकले. सांगाड्यांच्या रांगेला मात्र लगेच आळा बसला नाही, कारण एकेका सैन्याचे नियम देणाऱ्या ज्या जुन्या सैन्यपुस्तकांत नुसते ‘आत’ छापलेले होते ती अजून लागू होती.

एक पद्धत मी सुरुवातीपासून पाळत आलो आहे. आलेल्या प्रत्येक शंकेतून मी सैन्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव काढून टाकतो, ‘अ तुकडी’ व ‘ब तुकडी’ असे शब्द घालून ती पुन्हा लिहितो, आणि मगच नियम उघडतो. शंका पाठवण्याची मुदतही स्पर्धकांच्या सैन्ययाद्या जाहीर होण्याआधीच संपते, कारण याद्या हाती आल्यावर प्रत्येक अर्थाने कोणाचे भले होणार, हे आधीच दिसू लागते.