शरद जोशींचे संसदीय चरित्र आणि अडवून ठेवलेली एक फेरफार नोंद

शरद जोशी यांच्या राज्यसभेतील कारकिर्दीवर मी लिहीत असलेला चरित्रलेख संसदेच्या कागदपत्रांसाठी एकदाही अडला नाही. तो अडला एका तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एखाद्या शेतकरी नेत्याचे चरित्र लिहिताना जमिनीच्या नोंदींपर्यंत जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहितो आहे.

चरित्राचा बराचसा भाग सहज जुळला. ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात जन्म, भारतीय टपाल सेवेतील नोकरी, स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघातील अधिकारपद, ते सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला घेतलेली कोरडवाहू जमीन, पुढे शेतकरी संघटना, १९८० चे कांदा आणि ऊस आंदोलन, १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचा लढा, हे सर्व छापील साधनांत विपुल आहे. २००४ ते २०१० या काळातील राज्यसभेचे कार्यवृत्तही संकेतस्थळावर खुले आहे आणि तेथे सदस्याच्या नावाने शोध घेता येतो. राजकीय पक्षांना नोंदणीच्या वेळी समाजवादावर निष्ठा जाहीर करावी लागते, ती अट काढून टाकण्यासाठी त्यांनी मांडलेले खासगी विधेयक मला तेथेच मिळाले.

खरा प्रश्न ९ मार्च २०१० च्या मतदानाचा होता. त्या दिवशी महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मताने संमत झाले आणि ते एकमेव विरोधी मत जोशींचे होते. त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाला नसून राखीव मतदारसंघ सोडतीने ठरवण्याच्या आणि दर निवडणुकीला बदलण्याच्या पद्धतीला होता. मतदारसंघ असा फिरता राहिला तर निवडून आलेल्या स्त्रीला तो बांधण्याचे आणि पुन्हा तेथूनच उभे राहण्याचे कारण उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही हे मत एकटे छापले तर वाचक त्यांना स्त्रीविरोधी ठरवून मोकळा होईल, आणि ते मला अन्यायाचे वाटत होते. कारण १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवणारे आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या हाकेतून शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वेच्छेने पत्नीच्या नावे करायला लावणारे नेते हेच होते. १९९२ मध्ये महसूल विभागाने परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर घेण्याची वाट मोकळी केली. अशी एखादी नोंद मूळ स्वरूपात लेखात द्यावी, एवढीच माझी इच्छा होती.

मी निवडलेल्या गावाचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी, तालुक्याच्या अभिलेख कक्षात जमा झालेले होते. नकलेचा अर्ज खिडकीवर दिला, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘तुमचा या जमिनीशी संबंध काय?’ चरित्रलेखनासाठी नोंद हवी आहे असे सांगितल्यावर, खातेदाराचे संमतिपत्र आणा, असे उत्तर मिळाले. ते आणले, तेव्हा फेरफार क्रमांक नसल्याचे कारण निघाले. क्रमांक दिला, तर त्या वर्षाचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वरच्या फडताळात आहेत आणि उतरवायला माणूस नाही, असे सांगण्यात आले. त्यानंतर अभिलेखपाल रजेवर, मग निवडणुकीच्या कामावर, मग प्रशिक्षणाला, असे चालू राहिले. प्रत्येक वेळी तोंडी नकार मिळत होता आणि कागदावर काहीही उमटत नव्हते, याची मला सर्वाधिक चीड आली. लेखी नकार मिळाला असता तर त्याविरुद्ध दाद तरी मागता आली असती. अधिकारांचे अभिलेख हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ते पाहण्याची व त्यांच्या नकला मिळण्याची तरतूद आहे. एवढे स्पष्ट असताना नागरिकाला त्याच्या हेतूचा जाब विचारणे मला आजही असह्य वाटते.

फेरफार क्रमांकाविषयी येथेच सांगतो. तो शोधण्यासाठी कोणाची विनवणी करावी लागत नाही. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जो आकडा असतो तोच फेरफार क्रमांक असतो, आणि जुने क्रमांक उताऱ्याच्या तळाशी एकत्र दिलेले असतात.

शेवटी मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. त्यावर दहा रुपयांचा न्यायालय मुद्रांक लावला, गाव, गट क्रमांक आणि फेरफार क्रमांक लिहिले आणि प्रत मागण्याबरोबरच अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणीही मागितली. पाहणी मागणे फार महत्त्वाचे आहे, कारण ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर देण्यापूर्वी मग रुमाल सोडावाच लागतो. या कायद्याच्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही, हेही मी अर्जातच नमूद केले. तीस दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून पहिले अपील केले. सुनावणीला पूर्वीच्या अर्जाची पोच दाखवता आली. सुरुवातीपासून प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत करून त्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेण्याचा आग्रह मी धरला होता, आणि माझ्या हातात पुरावा होता तो एवढाच. अपिलीय अधिकाऱ्यांनी पाहणी करू देण्याचा आदेश दिला आणि रुमाल खाली आला.

नोंद सापडली. पतीचा अर्ज, जबाब, पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून दाखल केल्याचा मजकूर आणि मंडळ अधिकाऱ्यांचे प्रमाणीकरण, सगळे त्या पानावर होते. पुढे पतीच्या निधनानंतर वारसनोंद झाली, तेव्हा त्या बाईंचा स्वतःचा हिस्सा आधीच कागदावर होता आणि त्यासाठी त्यांना कोणाकडे मागणे करावे लागले नव्हते. जोशींच्या विरोधी मताशेजारी मी हीच नोंद ठेवली आहे, आणि ती मिळवल्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. अर्ज करण्यापूर्वी शासनाच्या ई-अभिलेख संकेतस्थळावर तुमच्या तालुक्याचे जुने फेरफार चढवलेले आहेत का, ते पाहून घ्या. तेथे असतील तर खिडकीवर जाण्याची गरजच पडत नाही. प्रत हाती आल्यावर ती साक्षांकित आहे ना, प्रमाणीकरणाचा शेरा वाचता येतो ना आणि नोंद ‘मंजूर’ आहे ना, हे कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वीच तपासा, कारण नामंजूर झालेल्या नोंदीही त्याच नोंदवहीत असतात.