"बेन, आमां डॉक्टर कोण?"

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात माझा दातांचा दवाखाना आहे. दीड खोली, एक खुर्ची. डेंटल कौन्सिलची नोंदणी आणि गुमास्ता (दुकानाचा परवाना) असला की झालं, अशी इतकी वर्षं माझी समजूत. दवाखान्यांची सरकारी नोंदणी सक्तीची करणारा गुजरातचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा 2021 चा, पण तो मोठ्या हॉस्पिटलांसाठी असणार म्हणून मी कानाडोळा केला. 2024 मध्ये विधानसभेने दुरुस्ती करून नोंदणीची मुदत वाढवली, तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी एक खुर्चीसुद्धा त्यात येते."

कचऱ्याची मला चिंता नव्हती. प्रदूषण मंडळाची परवानगी होतीच. खाटा नसलेल्या दवाखान्याला ती एकदाच काढावी लागते. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल, सुया पांढऱ्या डब्यात. काढलेला दातही पिवळ्यात, पण त्यात चांदी भरलेली असेल तर नाही, त्या चांदीत पारा असतो आणि जाळल्यावर तो हवेत जातो. (हे असिस्टंटला अजून दर आठवड्याला सांगावं लागतं.)

घोडं अडलं ते नावावर. डिग्री आणि कौन्सिल माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. लाइट बिल आणि वेरा पावती (घरपट्टीची) आजेसासऱ्यांच्या नावाने, आणि ते जाऊन वीस वर्षं झाली. नोंदणीचा अर्ज परत आला. कागद घेऊन गेले, तर टेबलापलीकडचे भाई एकेक पान उलटत म्हणाले, "बेन, आमां डॉक्टर कोण? त्रण नाम छे." म्हणजे, यात डॉक्टर कोण, नावं तर तीन आहेत.

लग्नाचा दाखला आणि नावाचं ॲफिडेविट एका दिवसात झालं. जागेचं मात्र पेढीनाम्यापासून (वारसांची वंशावळ) सुरू. अप्पा आधी चिडलेच. "माझ्या घरात माझी सून बसते, त्याला मी संमतिपत्र द्यायचं?" दिलं, पण पेन आपटून. मग धाकटे काका, ते पुण्याला. त्यांनी सही केली ती मराठीत, पेढीनाम्यावर इंग्रजीत. कागद पुन्हा कुरियरने पुण्याला. सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त दिवस त्या एका सहीने खाल्ले.

तात्पुरत्या नोंदणीचं सर्टिफिकेट आलं तेव्हा पहिल्यांदा नाव वाचलं, अक्षर अक्षर लावून. बरोबर होतं. कायमची नोंदणी अजून बाकी आहे, म्हणून ॲफिडेविटच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात. काकांच्या दोन्ही सह्यांचं एकेक कोरं संमतिपत्रसुद्धा.