इंदूर–धुळे रस्त्यावर क्लच सुटेनासा झाला तर: सेंधव्यातली दुरुस्ती आणि पुढच्यांसाठी माहिती

राऊ, महू, मानपूर, गुजरी, धामनोद, खलघाटचा नर्मदेवरचा पूल, ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट, पळासनेर, शिरपूर आणि धुळे. इंदूरच्या मराठी घरांना हा रस्ता पाठ असतो, कारण लग्न असो की गणपती, नाशिक-पुण्याकडे जायचं तर याच रस्त्याने. राष्ट्रीय महामार्ग ५२, जुन्या लोकांचा आग्रा रोड. रस्ता चौपदरी आणि चांगला आहे. गाडीला त्रास होतो तो राऊपर्यंतच्या गर्दीत आणि दोन घाटांत: मानपूरच्या पुढे माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरताना, आणि सेंधव्यानंतर बिजासनला. ट्रकांची रांग लागली की अर्धा-पाऊण तास पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर, एवढंच चालतं. आधीच कमजोर झालेला क्लच बहुधा इथेच हात टेकतो.

या फेरीतली गाडी हायड्रॉलिक क्लचची, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारी, पेट्रोल हॅचबॅक होती. जुलवानियाच्या ढाब्यावर मागे घेताना रिव्हर्सला कर्रकर्र आवाज आला. पहिली खूण हीच असते. बऱ्याच गाड्यांत पुढच्या गिअरना सिंक्रोमेश (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी रचना) असतो आणि रिव्हर्सला नसतो, त्यामुळे क्लच थोडा जरी अडकून राहिला तरी रिव्हर्स लगेच ओरडतो. पुढचे गिअर अजून पडत असतात, म्हणून माणूस निघतो. सेंधव्याच्या अलीकडे पहिला गिअरही पडेना, आणि पेडल दाबलेलं असूनही गाडी पुढे सरकू लागली.

इथे एक गोंधळ आधीच दूर केला पाहिजे. क्लच घसरणं आणि क्लच न सुटणं हे अगदी उलटे आजार आहेत. घसरतो तेव्हा इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही. तिथे प्लेट झिजलेली असण्याची शक्यता मोठी. सुटत नाही तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना सोडतच नाहीत, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं: पेडल, केबल, तेल, सिलिंडर. तरी रस्त्यावर दोन्हींना ‘क्लच प्लेट गेली’ हेच उत्तर मिळतं आणि गिअरबॉक्स खाली उतरतो. पुढच्या तपासण्या होईपर्यंत गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनवर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनवर पडत नाहीत, तर दोष क्लचचा. बंद इंजिनवरही अडत असतील तर गिअर लिव्हरच्या केबल किंवा गिअरबॉक्सकडे बघावं लागेल. पक्कं करायचं असेल तर इंजिन चालू करा, न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबून दहा सेकंद थांबा आणि मग हलकेच रिव्हर्स टाका. इतक्या वेळात प्लेट फिरायची थांबायला हवी. तरीही कर्रकर्र झालं तर क्लच ओढतो आहे, म्हणजे पूर्ण सुटत नाही.

मग पेडलखाली हात घाला. जाड रबरी मॅट पुढे सरकून पेडल तळापर्यंत जाऊ देत नाही, असं सर्रास घडतं. ती काढली की काही गाड्या तिथेच बऱ्या होतात. केबलच्या गाडीत पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी हालचाल) वाजवीपेक्षा जास्त झाला असेल, तर फोर्कजवळचा (फोर्क म्हणजे क्लच सोडवणारा दांडा) अॅडजस्टर नट फिरवून तो मॅन्युअलमधल्या मापावर आणा. मात्र केबलच्या तारा टोकाशी सुटू लागल्या असतील तर नट आवळून भागणार नाही, केबल बदला. काही वेळा केबल चांगली असते आणि ती जिथे टेकते तो पेडलचा ब्रॅकेटच तडकलेला असतो. कुणाला पेडल दाबायला सांगून तिथे टॉर्च मारा.

हायड्रॉलिक गाडीत आधी बॉनेट उघडून तेलाची, म्हणजे ब्रेक ऑइलची टाकी बघा. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, आणि क्लचची नळी टाकीच्या वरच्या अंगाला जोडलेली असते. गळती क्लचकडे असली तर त्या नळीच्या तोंडापर्यंत तेल उतरतं आणि क्लचला हवा मिळू लागते. ब्रेकसाठी खाली तेल शिल्लक राहतं. पातळी नेमकी त्या तोंडाशी येऊन थांबलेली दिसली तर गळती बहुधा क्लचच्याच बाजूला आहे. सेंधव्यात हेच दिसलं. त्यापेक्षा खाली गेली असेल तर ब्रेकची गळती धरून चाला आणि गाडी हलवू नका.

तेल कुठे गेलं ते शोधायच्या जागा तीन. पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या सिलिंडरचा) रॉड केबिनमध्ये येतो तिथे बोट फिरवा आणि खालचा गालिचा चाचपून पाहा. गिअरबॉक्सच्या अंगावर बाहेरून बसवलेला स्लेव्ह सिलिंडर (त्या तेलाच्या दाबाने फोर्क हलवणारा) असेल तर त्याचा रबरी बूट मागे ओढा. या गाडीत बूट ओढताच काळपट तेलाची धार बोटांवर आली, म्हणजे आतली रबरी वॉशर गेलेली. तिसरी जागा बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाचा, खालचा भाग. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टभोवती (क्लचकडून गिअरबॉक्सात जाणाऱ्या दांड्याभोवती) असतो. तो गळला तर तिथून ब्रेक ऑइल ठिबकतं आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

गळती नसेल तर पेडल चार-पाच वेळा भराभर मारा. त्याने गिअर पडू लागला तर तेलात हवा आहे किंवा मास्टरचा सील तेल मागे सोडतो आहे. पेडल दाबून धरल्यावर सुरुवातीला क्लच सुटतो, पण काही सेकंदांत गाडी आपोआप सरकायला बघते, तर मास्टरचाच संशय धरा.

सगळ्यात उपयोगी तपासणी दोघांची आहे. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने स्लेव्हचा रॉड बघायचा. तो साधारण १२ ते १५ मिमी सरकायला हवा. नेमकं माप गाडीगणिक बदलतं. पेडल तळाला गेलं आणि रॉड जेमतेम ५ मिमी हलला तर दोष तेलाच्या बाजूचा. रॉड पूर्ण सरकतो आहे, फोर्क हलतो आहे, तरी क्लच सुटत नाही, तेव्हाच आतला विचार करायचा: वाकलेला फोर्क, प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीची) तुटलेली बोटं, वाकडी प्लेट, इनपुट शाफ्टच्या खाचांवर चढलेला गंज. नवीन क्लच बसवल्यावर लगेच हा त्रास सुरू झाला असेल तर प्लेट उलटी बसली आहे का, हे आधी विचारा. पावसाळाभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटते, तेही लक्षात असू द्या.

स्लेव्ह सिलिंडर अख्खा बदलला. नुसतं वॉशर किट स्वस्त पडतं, पण सिलिंडरला आतून ओरखडे असतील तर नवी वॉशरही टिकत नाही, आणि घाटाच्या तोंडाशी तो धोका पत्करू नये. मग हवा काढायची. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटलीत थोडं तेल आणि नळीचं टोक त्यात बुडवलेलं. पेडल सावकाश दाबून धरा, निपल अर्धा फेरा सैल करा, बुडबुडे निघू द्या, निपल बंद करा आणि मगच पेडल सोडा. ते आपणहून वर आलं नाही तर हाताने उचला. टाकी रिकामी होऊ दिली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून दर चार-पाच वेळांनी ती भरत राहा. अर्धा लिटरची सीलबंद बाटली या कामाला पुरून उरते.

तेल झाकणावर लिहिलेलंच, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल चुकूनही नको. त्याने रबर फुगतं आणि पाठोपाठ ब्रेकचे सीलही जातात. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरलेल्याचा किमान १५५. त्यामुळे जुनं तेल घाटात तापलं की पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

गॅरेज दूर असेल तर सपाट रस्त्यावर क्लचशिवाय थोडं अंतर काढता येतं. इंजिन बंद, पहिला गिअर, समोर मोकळी जागा, आणि स्टार्टर. काही गाड्यांत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. तिथे पेडल दाबूनच मारा, क्लच सुटत नसल्याने गाडी तरीही ओढली जाते. वरचा गिअर टाकताना अॅक्सिलरेटर सोडा, न्यूट्रल करा, इंजिनचे फेरे उतरू द्या आणि लिव्हर हलक्या हाताने टेकवून धरा. थांबण्याआधी न्यूट्रल. असं बिजासन मात्र चढू-उतरू नका. सेंधव्यातच मागे वळा, किंवा गाडी कडेला लावून १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन करा.

दुरुस्तीनंतर टाकीवर पातळीची खूण करा आणि शिरपूरला, मग धुळ्याला थांबून बघा. उतरली असेल तर पुन्हा बूट ओढा. तिथे कोरडं असेल तर केबिनमधला गालिचा उचला.