तुम्ही विचारलेत म्हणून: सिलिकॉन असताना हे कशाला?

“सिलिकॉनची सौर पॅनेल स्वस्त झाली, वर्षानुवर्षे टिकतात, मग तुम्ही अजून काचेवर पातळ थर चढवत का बसला आहात?” हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात आणि अनुदानाच्या मुलाखतीत परीक्षकही विचारतात. दोन वाक्यांचे माझे उत्तर दर वेळी अपुरे पडते, म्हणून एकदा नीट लिहिते.

सिलिकॉन प्रकाश सावकाश शोषते, त्यामुळे त्याची चकती 150 मायक्रॉनच्या आसपास जाड ठेवावी लागते. मी बनवते त्या केस्टेराइटला, म्हणजे तांबे, जस्त, कथील आणि गंधक यांच्या संयुगाला, एक-दोन मायक्रॉन पुरतात. पातळ थरांत यशस्वी ठरलेल्या कॅडमियम टेल्युराइडला टेल्युरियम लागते, सीआयजीएसला, म्हणजे तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्या संयुगाला, इंडियम, आणि टेल्युरियम व इंडियम दोन्ही दुर्मीळ आहेत. हे सगळे खरे आहे. तरी मी या कामात का राहिले, याचे उत्तर त्यात नाही.

ते भट्टीपाशी आहे. धातूंचा थर 550 अंश सेल्सियसला गंधकाच्या वाफेत भाजला की काळा आणि एकसंध दिसू लागतो. एक्स-रे विवर्तनाच्या, म्हणजे स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या चाचणीच्या, आलेखात शिखरे हवी तिथेच येत, म्हणून मी अहवालात ‘शुद्ध’ हा शब्द लिहिला. त्यापासून केलेले सौर सेल मात्र जेमतेम चालत, आणि आजचा नमुना कालच्यासारखा नसे. आठ महिने मी तापमान, वेळ आणि गंधकाचे प्रमाण बदलत राहिले. दर शनिवारी क्वार्ट्झच्या नळीचे थंड टोकही मीच घासत असे. तिथे पिवळ्या गंधकाच्या अलीकडे, भट्टीच्या बाजूला, करड्या-काळ्या रंगाचा एक चकचकीत पट्टा बसलेला असे. एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, हा पट्टा कशाचा?” मी म्हणाले, “मळ आहे.” त्याने तो खरवडून तपासायला दिला. त्यात कथील आणि गंधक निघाले.

त्या तापमानाला केस्टेराइटचा पृष्ठभाग विघटित होतो, कथील सल्फाइडची वाफ होऊन निघून जाते आणि मागे तांब्याचे व जस्ताचे सल्फाइड उरते. जस्त सल्फाइडची शिखरे केस्टेराइटच्या मुख्य शिखरांवर जवळजवळ तंतोतंत बसतात, त्यामुळे आलेखात भेसळ दिसलीच नाही. रामन वर्णपट, म्हणजे लेसरचा प्रकाश टाकून पदार्थ ओळखण्याची चाचणी, घेतला असता तर कदाचित दिसली असती, आणि तो मी घेतला नव्हता. हे सगळे छापून आलेले होते, मी वाचून त्याखाली रेघही ओढली होती. ‘शुद्ध’ हा शब्द मागे घेणारे पत्र लिहिताना माझा हात थरथरत होता.

आता नमुना झाकणाच्या ग्राफाइट पेटीत कथील सल्फाइडच्या भुकटीसोबत भाजतो, म्हणजे वाफेचा दाब राहतो आणि थरातले कथील थरातच टिकते. व्होल्टेज वाढले, पण पुरेसे नाही. पाच वर्षांत सिलिकॉनला गाठू, असे तेव्हाची मी छातीठोकपणे सांगत असे. 2013 मध्ये गंधकासोबत सेलेनियमही असलेल्या केस्टेराइट सेलच्या कार्यक्षमतेचा उच्चांक 12.6 टक्के झाला आणि मग कितीतरी वर्षे तिथेच अडकला, तर सिलिकॉन 26 टक्क्यांच्या पुढे गेले. तिचे चुकले, हे मला मान्य आहे. पण तांबे आणि जस्त यांचे अणू एकमेकांच्या जागा बळकावतात, तो दोष या पदार्थाच्या प्रकृतीतच आहे की आमच्या भाजण्यात, हे ठरल्याशिवाय ‘सोडून द्या’ हा सल्ला मला पटत नाही. तो चुकीचाच आहे, असेही मी आज म्हणू शकत नाही.

नळीच्या थंड टोकाला पट्टा अजूनही येतो, पूर्वीपेक्षा फिकट. आता पुसण्याआधी आम्ही त्याचे वजन करतो.